तिकीट गेले, प्रतीक्षा उरली

शहरातील बस मोफत करावी काय, असा प्रश्न कोणत्याही गावच्या नागरिकांना विचारला तर उत्तर काय येईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही. एस्टोनियाची राजधानी टालिन येथील महापालिकेने मार्च २०१२ मध्ये हा प्रश्न खरोखरच विचारला. त्या महिन्याच्या १९ ते २५ तारखांदरम्यान जनमत चाचणी घेण्यात आली आणि मतदान करणाऱ्यांपैकी ७५.५ टक्के नागरिकांनी होकार दिला. मतदानास पात्र असलेल्यांपैकी साधारण पाचवा हिस्साच मतदानाला आला होता, ही गोष्ट वेगळी. पण महापालिकेला कौल मिळाला आणि १ जानेवारी २०१३ पासून शहरातील बस, ट्राम व ट्रॉलीबस रहिवाशांसाठी मोफत झाल्या. युरोपातील एखाद्या देशाच्या राजधानीने असे पाऊल उचलण्याची ही पहिलीच वेळ होती. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. त्यानंतर काय घडले, याची मात्र तेवढी चर्चा झाली नाही. खरे तर शहर बससेवेबद्दल नागरिकांना नेमके काय हवे असते, हे समजून घ्यायचे तर त्यानंतरचीच हकीकत अधिक बोलकी आहे.

टालिन हे काही फार मोठे शहर नव्हे. २०१२ मध्ये त्याची नोंदणीकृत लोकसंख्या सव्वाचार लाखांच्या आत होती. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम महापालिकेएवढी. १९९१ मध्ये सोव्हिएत संघापासून मुक्त झालेल्या या देशाने पुढील दीड दशकात झपाट्याने आर्थिक प्रगती केली. पण २००८च्या जागतिक मंदीचा तडाखाही त्याला तितकाच जबर बसला. २००९ या एका वर्षात देशाचे सकल उत्पादन सुमारे १४ टक्क्यांनी आक्रसले. बेरोजगारी वाढली, पगार कापले गेले. या पार्श्वभूमीवर महापौर एडगर साविसार यांनी मोफत प्रवासाची कल्पना पुढे आणली. त्यांचा सेंटर पक्ष शहरात सत्तेवर, तर देशाच्या सरकारात विरोधी पक्ष सत्तेवर अशी स्थिती होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्थानिक निवडणुका व्हायच्या होत्या. त्यामुळे ही मतांसाठीची खिरापत असल्याची टीका होणे अपरिहार्य होते आणि ती झालीही. निवडणुकीत साविसार यांच्या पक्षाला पुन्हा बहुमत मिळाले, हेही नोंदवायला हवे.

परंतु केवळ मतांचे राजकारण म्हणून हा विषय बाजूला सारणे योग्य होणार नाही. मोफत योजना येण्यापूर्वी महापालिकेने प्रवाशांच्या समाधानाची पाहणी केली होती. सार्वजनिक वाहतुकीत सर्वाधिक खटकणारी बाब कोणती, या प्रश्नाला जवळपास निम्म्या, म्हणजे ४९ टक्के नागरिकांनी तिकिटाचे दर असे उत्तर दिले. २९ टक्क्यांनी गर्दीकडे बोट दाखवले, तर २१ टक्क्यांना फेऱ्यांची संख्या अपुरी वाटत होती. कोणत्याही लोकनियुक्त कारभाऱ्याने ही तीन उत्तरे समोर ठेवली, तर त्याचे लक्ष पहिल्या उत्तराकडे जाणे स्वाभाविक आहे. ते सर्वांत मोठे तर आहेच, शिवाय ते सर्वांत सोपेही आहे. गर्दी कमी करायची तर गाड्या घ्याव्या लागतात, चालक नेमावे लागतात, आगारे वाढवावी लागतात. फेऱ्या वेळेवर व्हायच्या तर रस्त्यावर मोटारींची जागा काढून बसला द्यावी लागते आणि त्यासाठी मोटारवाल्यांचा रोष पत्करावा लागतो. तिकीट रद्द करायला मात्र एक ठराव आणि अंदाजपत्रकातील एक रक्कम पुरते.

ही रक्कमही टालिनच्या बाबतीत वाटते तेवढी मोठी नव्हती. तिकीटविक्रीतून सार्वजनिक वाहतुकीच्या चालन-खर्चाचा साधारण तिसरा हिस्साच निघत असे. उरलेला भार शहर आधीपासूनच उचलत होते. शिवाय प्रवाशांपैकी ३६ टक्के जण तत्पूर्वीच या ना त्या कारणाने मोफत प्रवास करीत होते आणि आणखी २४ टक्क्यांना सवलत होती. म्हणजे पूर्ण दराने तिकीट वा पास घेणारे दहातील चारच. 'मोफत'ची घोषणा सर्व शहरासाठी होती, तरी तिचा पूर्ण लाभ खऱ्या अर्थाने या चौघांनाच नव्याने मिळणार होता. आपल्याकडे एसटीत आणि शहर बसमध्ये विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, अपंग आणि अन्य सवलतधारकांची जी लांबलचक यादी असते, ती ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना हे गणित नवखे वाटणार नाही.

रहिवासी कोणाला म्हणायचे?

टालिनच्या योजनेतील सर्वांत चतुर भाग तिकीट रद्द करण्यात नव्हता. तो 'रहिवासी' या शब्दात होता. मोफत प्रवास सर्वांना नव्हता, तर ज्यांची नोंद लोकसंख्या-नोंदवहीत टालिनचे रहिवासी म्हणून आहे त्यांनाच होता. त्यासाठी हिरव्या रंगाचे कार्ड घ्यायचे, ते स्वतःच्या नावाशी जोडून घ्यायचे आणि प्रत्येक वेळी बसमध्ये चढल्यावर यंत्राला लावायचे. कार्ड लावले नाही तर मोफत प्रवासाचा हक्क असूनही दंड. पर्यटक, परगावचे विद्यार्थी, शेजारच्या नगरांतून कामाला येणारे लोक यांनी पूर्वीसारखेच तिकीट काढायचे.

यामागचे कारण एस्टोनियाच्या करपद्धतीत आहे. तेथे नागरिकांच्या प्राप्तिकराचा एक ठरावीक वाटा, त्या काळी एकूण उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, ज्या पालिकेत त्याची नोंद असेल त्या पालिकेला मिळतो. टालिनमध्ये हजारो लोक असे होते की जे राहायला, नोकरीला शहरात. पण कागदोपत्री मात्र आपल्या मूळ गावचे. त्यांचा कर गावाला जात असे आणि रस्ते, शाळा, बस ते शहराचे वापरत. मोफत बसच्या आमिषाने त्यांनी नोंद बदलली, तर प्रत्येक नव्या करदात्यामागे शहराच्या तिजोरीत वर्षाला सरासरी हजार युरोंच्या घरात रक्कम पडणार होती. आणि तसेच घडले. २०१३ या एका वर्षात नोंदणीकृत लोकसंख्या सुमारे दहा हजारांनी वाढली आणि पुढेही वाढत राहिली. तिकिटाचे बुडालेले उत्पन्न कराच्या वाढीतून भरून निघाले, असा दावा महापालिकेने केला आणि हिशेबाच्या दृष्टीने तो निराधार नव्हता.

मात्र हा पैसा आकाशातून पडला नव्हता. टालिनच्या वहीत जे जमा झाले, ते कोठल्या तरी दुसऱ्या गावाच्या वहीतून वजा झाले. त्या गावांना आपल्या शाळा आणि आपल्या बस चालवायच्याच होत्या. टालिनच्या नागरिकांना विचारले तर ही योजना उत्तम होती. शेजारच्या पालिकांना कोणी विचारलेच नव्हते. शहराच्या सीमेपलीकडे राहणारा, पण रोज शहरात येणारा माणूस हाच खरे तर मोटारीला बसचा पर्याय देण्यासाठी सर्वांत महत्त्वाचा. तो सकाळी लांबून येतो, शहरातील रस्त्यावर गर्दी करतो, दिवसभर गाडी उभी करण्यास जागा अडवतो. नेमका तोच या योजनेबाहेर राहिला. मोटारींची वर्दळ कमी करणे हेही योजनेचे एक घोषित उद्दिष्ट होते, हे लक्षात घेता ही विसंगती लहान म्हणता येणार नाही.

पायी चालणारे बसमध्ये

स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील ओडेड कॅट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टालिनच्या प्रयोगाचा बारकाईने अभ्यास केला. पहिल्या काही महिन्यांतील आकडेवारी तपासल्यावर त्यांना जे आढळले, ते घोषणाबाजीच्या दोन्ही बाजूंना निराश करणारे होते. प्रवाशांच्या संख्येत एकूण सुमारे तीन टक्के वाढ झाली होती. त्यातही तिकीट रद्द झाल्यामुळे झालेली वाढ अवघी १.२ टक्के. उरलेली वाढ त्याच सुमारास वाढवलेल्या बसमार्गिका आणि काही मार्गांवर वाढवलेल्या फेऱ्या यांच्यामुळे होती. याचा अर्थ असा की, ज्या उपायाचा गाजावाजा झाला नाही त्या उपायाने गाजावाजा झालेल्या उपायापेक्षा अधिक प्रवासी आणले.

अर्थात, सरासरीच्या आकड्यात गल्लीबोळ दिसत नाहीत. लास्नामाए हे टालिनचे एक विस्तीर्ण उपनगर. सोव्हिएत काळात उभारलेल्या एकसारख्या बहुमजली इमारती, एक लाखाहून अधिक वस्ती, बहुसंख्य रहिवासी रशियन भाषक आणि शहराच्या तुलनेत बेरोजगारी अधिक. तेथे प्रवाशांची वाढ दहा टक्क्यांच्या घरात होती. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे मोजून असतात, त्याच्या दृष्टीने तिकीट रद्द होणे म्हणजे काय, हे या एका आकड्यावरून कळते. शहराच्या मध्यवर्ती भागात राहणाऱ्या आणि दारात मोटार असलेल्या कुटुंबाला त्याचे फारसे अप्रूप नव्हते.

याच संशोधकांनी योजनेपूर्वी आणि योजनेनंतर एक वर्षाने नागरिकांच्या दैनंदिन प्रवासाचे सर्वेक्षण करून २०१७ मध्ये दुसरा निबंध प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारे आहेत. एकूण प्रवासांमध्ये सार्वजनिक वाहतुकीचा वाटा १४ टक्क्यांनी वाढला होता. मोटारीचा वाटा पाच टक्क्यांनी घटला होता. पायी चालण्याचा वाटा मात्र तब्बल ४० टक्क्यांनी कमी झाला होता. म्हणजे बसमध्ये जे नवे चेहरे दिसू लागले, त्यांतील मोठा भाग मोटारीतून उतरलेला नव्हता; तो पदपथावरून उचललेला होता. आणि मोटारीच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या तरी प्रत्येक फेरीचे सरासरी अंतर वाढले होते. रस्त्यावरील वाहतूक घटल्याचा दावा त्यामुळे टिकत नाही.

वाहतूक नियोजनकार या आकड्यांकडे पाहून हळहळतात. चालणारा माणूस बसमध्ये बसवून काय साधले, असा त्यांचा प्रश्न असतो. पण नागरिकाच्या जागी उभे राहून पाहिले तर चित्र थोडे वेगळे दिसते. टालिनचा हिवाळा हा पुण्या-मुंबईचा हिवाळा नव्हे. गोठलेल्या, निसरड्या पदपथावरून दोन थांब्यांचे अंतर पायी तोडणारी सत्तरीची बाई काटकसरीपोटी चालत असेल, तर तिने बसमध्ये चढणे हा योजनेचा दोष कसा मानायचा? आरोग्यासाठी चालणारा धडधाकट तरुण आणि पैशांअभावी चालणारी वृद्धा या दोघांची गणना सर्वेक्षणात 'पायी' या एकाच रकान्यात होते. कमी उत्पन्नाच्या व बेरोजगार नागरिकांचा संचार या योजनेने वाढला काय, याबद्दल मात्र खुद्द संशोधकांनाही संमिश्र पुरावे मिळाले. मोफत बसमुळे नोकरीच्या संधी वाढल्याचे त्यांना दिसले नाही.

त्यानंतरच्या दशकात टालिनमध्ये पगार वाढले आणि मोटारीही वाढल्या. बस मोफत असूनही कामावर जाण्यासाठी मोटार वापरणाऱ्यांचे प्रमाण चढतच गेले. एस्टोनियाच्या सरकारने १ जुलै २०१८ पासून देशाच्या बहुतेक जिल्ह्यांतील ग्रामीण बसही मोफत केल्या होत्या. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये सार्वजनिक वाहतुकीचा आढावा घेतला, तेव्हा मोफत प्रवासाने मोटारींचा वापर कमी करण्याचे उद्दिष्ट साध्य झालेले नाही, असा स्पष्ट शेरा मारला. १ जानेवारी २०२४ पासून या जिल्हा बसमध्ये कामकरी वयाच्या प्रवाशांना पुन्हा तिकीट लागू झाले; मुले, तरुण आणि ज्येष्ठ यांची सवलत तेवढी कायम राहिली.

हॅसेल्ट आणि डंकर्क

मोफत बस ही कल्पना टालिनची नव्हे. बेल्जियममधील हॅसेल्ट या साधारण सत्तर हजार वस्तीच्या शहराने १ जुलै १९९७ रोजी ती अमलात आणली होती. तेथील महापौर स्टीव्ह स्टेव्हार्ट यांच्यापुढे प्रश्न होता तो वाहनकोंडीचा. शहराभोवती आणखी एक वळणरस्ता बांधण्याचा प्रस्ताव होता. तो बाजूला ठेवून त्यांनी उलट दिशेने जायचे ठरवले. शहराच्या आतील वळणरस्त्यावरील मोटारींची जागा कमी करून तेथे झाडे लावली, पदपथ रुंद केले आणि बसची संख्या काही पटींनी वाढवली. तिकीट रद्द करणे हा या सगळ्याचा एक भाग होता. १९९६ मध्ये वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास असलेली प्रवासीसंख्या पुढच्या वर्षी पंधरा लाखांजवळ पोहोचली आणि २००६ पर्यंत ती ४६ लाखांच्या घरात गेली. त्या काळात हॅसेल्ट पाहायला देशोदेशीचे नगरसेवक येऊ लागले आणि बहुतेक जण 'तिकीट रद्द केल्यावर प्रवासी दहापटींहून अधिक वाढतात' एवढाच धडा घेऊन परतले. गाड्याही वाढवल्या होत्या, ही गोष्ट त्यांच्या टिपणवहीत क्वचितच उतरली असावी.

हॅसेल्टमध्येही नव्या प्रवाशांची चौकशी झाली होती. बसमधील दर शंभर जणांपैकी ६३ जण पूर्वीपासूनच बसने जाणारे होते. नव्याने आलेल्यांत १६ जण मोटारीचे, १२ सायकलीचे आणि नऊ पायी चालणारे होते. टालिनपेक्षा हे प्रमाण बरे. पण येथेही सायकल आणि पदपथ मिळून मोटारीपेक्षा अधिक प्रवासी बसला मिळाले होते.

प्रवासी वाढत गेले तसा खर्चही वाढत गेला आणि तो भरून काढायला तिकिटाचे उत्पन्न नव्हते. २०१३ मध्ये शहराने योजना आवरती घेतली. १९ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत प्रवास कायम ठेवून इतरांना ६० सेंटचे तिकीट लागू करण्यात आले. गंमत म्हणजे योजना बंद करणाऱ्या महापौर हिल्डे क्लास या ती सुरू करणाऱ्या स्टेव्हार्ट यांच्याच समाजवादी पक्षाच्या होत्या. सोळा वर्षे मोफत बस अंगवळणी पडलेल्या शहरात एक संपूर्ण पिढी बसचे तिकीट म्हणजे काय हे न पाहता मोठी झाली होती. तिच्या दृष्टीने साठ सेंट ही दरवाढ नव्हती. हक्क काढून घेणे होते. सवलत देताना जेवढी टाळी मिळते, त्याहून ती काढताना मिळणारा रोष मोठा असतो, हा अनुभव कोणत्याही महापालिकेला नवा नसावा.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्कची कथा मात्र निराळी आहे. सुमारे दोन लाख वस्तीच्या या औद्योगिक नगरसमूहाने १ सप्टेंबर २०१८ पासून बस सर्वांसाठी मोफत केल्या. सर्वांसाठी म्हणजे पाहुण्यांसाठीही. कार्ड नाही, नोंदणी नाही, यंत्राला काही लावणे नाही. तिकिटातून तेथे खर्चाचा जेमतेम दहावा हिस्सा निघत असे. उरलेला मोठा भाग अकरा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवरील वाहतूक करातून येतो आणि त्या कराचा दर २०११ मध्येच वाढवून ठेवलेला होता. महापौर पात्रिस व्हेर्ग्रीत यांनी क्रीडासंकुलाचा एक खर्चिक प्रकल्पही आधीच गुंडाळला होता. पण पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिकीट रद्द झाले त्याच दिवशी संपूर्ण मार्गरचना बदलली. पाच मुख्य मार्गांवर दर दहा मिनिटांनी बस मिळू लागली. शनिवार-रविवारची बस तर २०१५ पासूनच मोफत करून पाहिली होती. म्हणजे गर्दीचा अंदाज तीन वर्षे घेतला गेला होता.

वर्षभरात तेथील प्रवासी मधल्या वारी सुमारे ६० टक्क्यांनी वाढले आणि सुट्टीच्या दिवशी दुपटीवर गेले. एका अभ्यासगटाने दोन हजार प्रवाशांची पाहणी केली, तेव्हा नव्याने बसकडे वळलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी आपण मोटारीऐवजी बस घेतो असे सांगितले. काहींनी घरातील दुसरी मोटार विकली किंवा घ्यायचे रद्द केले होते. टालिन आणि डंकर्क या दोन्ही ठिकाणी तिकीट शून्य झाले. फरक पडला तो थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागते याने.

गर्दी ही कमाई की खर्च?

या फरकाचे एक साधे कारण आहे आणि ते हिशेबाच्या वहीत सापडते. बसला तिकीट असते तेव्हा खचाखच भरलेली बस ही वाहतूक व्यवस्थापकासाठी चांगली बातमी असते. त्या मार्गावर उत्पन्न आहे, तेव्हा आणखी एक गाडी सोडा, असे तो वरिष्ठांना सांगू शकतो. तिकीट गेले की तीच भरलेली बस केवळ खर्च होऊन बसते. आणखी एक गाडी सोडली तर आणखी डिझेल, आणखी दोन पाळ्यांचे चालक, आणखी देखभाल. उत्पन्न मात्र शून्यच. अशा वेळी फेरी वाढवायची की नाही, हा निर्णय आगारातून उठून अंदाजपत्रकाच्या सभेत जातो. तेथे बसची स्पर्धा उड्डाणपुलाशी, रुग्णालयाशी आणि नगरसेवकाच्या प्रभागातील कामांशी असते. डंकर्कने हा प्रश्न वाहतुकीसाठी राखून ठेवलेल्या करातून आधीच सोडवला होता. ज्या शहरांनी तो सोडवला नाही, तेथे 'मोफत'ची किंमत हळूहळू प्रतीक्षेच्या मिनिटांत वसूल होत जाते.

बचतही काही होते, हे खरे. तिकीटयंत्रे, तपासनीस, रोकड मोजणारे कर्मचारी यांचा खर्च वाचतो. बस थांब्यावर कमी वेळ उभी राहते. टालिनने कार्ड आणि दंड दोन्ही ठेवल्यामुळे यातील बऱ्याच बचतीवर पाणी सोडले.

दुसरी अडचण नागरिकांच्या मताचीच आहे. तिकीट काढणारा प्रवासी बस चुकली, थांब्यावर न थांबता गेली, तर हक्काने भांडतो. मोफत प्रवाशाला मात्र ऐकावे लागते, की 'फुकट मिळतेय ना, मग तक्रार कशाला?' धर्माची गाय अन् दात का गं नाय, ही आपली म्हण येथे तंतोतंत लागू केली जाते. वास्तविक ही गाय धर्माची नाहीच. टालिनच्या रहिवाशाने ती प्राप्तिकरातून घेतली आहे, डंकर्कच्या कामगाराने आपल्या मालकाने भरलेल्या करातून. तरीही एकदा 'मोफत' हा शिक्का बसला की सेवेच्या दर्जाबद्दल बोलणारा माणूस कृतघ्न ठरतो. मार्ग बदलताना, थांबा हलवताना, रात्रीची फेरी बंद करताना महापालिकेला हे फार सोयीचे पडते.

टालिनच्या मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: मोफत हवे की नको. तेवढ्याच रकमेत मोफत प्रवास हवा की दुप्पट वेळा येणारी बस, असा प्रश्न विचारला असता तर लास्नामाएचे उत्तर आणि मध्यवर्ती टालिनचे उत्तर कदाचित वेगवेगळे आले असते.

मुंबईकरांना या प्रश्नाची चव वेगळ्या वाटेने कळली आहे. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने साध्या बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि वातानुकूलित बसचे सहा रुपये केले. थांब्यावर रांगा लागल्या, रेल्वे स्थानकापर्यंत शेअर रिक्षाने जाणारे पुन्हा बसकडे वळले. मात्र त्यानंतरच्या वर्षांत बेस्टच्या मालकीच्या गाड्या घटत गेल्या, भाडेतत्त्वावरील गाड्यांवर भिस्त वाढली आणि स्वस्त बसची वाट पाहणे हा रोजचा अनुभव झाला. ९ मे २०२५ पासून किमान भाडे दुप्पट होऊन साध्या बसला दहा व वातानुकूलित बसला बारा रुपये झाले. तेव्हाही प्रवाशांपुढचा खरा सवाल हाच होता, की दहा रुपये घ्या, पण बस कधी येणार?

टालिनच्या 'रहिवासी' या शब्दाशी मात्र जवळचे नाते आहे ते दिल्लीचे. तेथे २०१९च्या भाऊबीजेपासून, म्हणजे २९ ऑक्टोबरपासून, शहर बसमध्ये महिलांना मोफत प्रवास सुरू झाला. वाहक गुलाबी रंगाचे तिकीट देई आणि त्यामागे दहा रुपयांप्रमाणे सरकार वाहतूक संस्थेला भरपाई करी. या पद्धतीत एक गुण होता. तिकीट मोफत असले तरी त्याची किंमत लिहिलेली होती, त्यामुळे भरलेली बस हिशेबात पूर्णपणे तोट्याची ठरत नव्हती. शिवाय बाई कोठली, हे कोणी विचारत नसे. मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात दिल्लीच्या नव्या सरकारने गुलाबी तिकिटाच्या जागी कार्ड आणण्याची घोषणा केली आणि ते दिल्लीच्या रहिवासी महिलांसाठी असेल, असे पुढे स्पष्ट करण्यात आले. तिकिटांच्या हिशेबातील गैरप्रकारांना आळा बसेल, हे त्यामागचे कारण.

कारण पटण्याजोगे आहे. पण नोएडा, गाझियाबाद किंवा फरिदाबादहून रोज पहाटे दिल्लीत येऊन चार घरची धुणीभांडी करणारी बाई दिल्लीची रहिवासी नाही. बिहारमधून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी, आधार कार्डावर गावचाच पत्ता असलेली तरुणीही कागदोपत्री नाही. टालिनमध्ये अशा माणसाला नोंद बदलण्याचा मार्ग मोकळा होता आणि ती बदलावी हीच पालिकेची इच्छा होती, कारण त्याच्यामागोमाग त्याचा कर शहरात येत होता. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मागोमाग दिल्लीच्या तिजोरीत असे काही येत नाही, आणि पत्त्याचा पुरावा द्यायला घरमालक तयार असेलच असेही नाही.